वेळापत्रक आणि घाटरस्ता

साशंक : स्वित्झर्लंडहून परतलेला माणूस रेल्वेबद्दल भरभरून बोलतो. गाडी दहा वाजून दोन मिनिटांनी सुटणार होती आणि अगदी तेव्हाच सुटली, हे सांगताना त्याचा चेहरा उजळतो. माझी तक्रार वक्तशीरपणाबद्दल नाही. रेल्वेने दाखवला तेवढाच देश, असं तो धरून चालतो, ही तक्रार आहे. ग्लेशियर एक्सप्रेसचंच बघा. त्सेरमाट ते सेंट मॉरिट्झ धावणारी ही गाडी जगभर प्रसिद्ध आहे. पण जिच्यामुळे तिला हे नाव मिळालं, ती ऱ्होन हिमनदी आता तिच्या खिडकीतून दिसत नाही. १९८२ मध्ये फुर्का घाटाच्या पायथ्याचा पंधरा किलोमीटरहून लांब बोगदा सुरू झाला, आणि तेव्हापासून गाडी डोंगराच्या पोटातून जाते. बर्फाच्या दिवसांतही वाहतूक चालू राहावी म्हणून तो खणला, आणि तिथे राहणाऱ्यांसाठी ते योग्यच झालं. प्रवाशाच्या वाट्याला मात्र नेमक्या त्या जागी काळोख आला. मी त्या डोंगरावरून मोटारीने गेले आहे. इनर्टकिर्शनहून ग्रिमसेल घाट चढायचा, ग्लेचला उतरायचं, तिथून फुर्का ओलांडून आंडरमाट गाठायचं आणि सुस्टेन घाटाने परत यायचं. तिन्ही घाटमाथे दोन हजार मीटरच्या वर. फुर्काच्या एका वळणाशी हिमनदीचं टोक आहे. उन्हाळ्यात बर्फ कमी वितळावा म्हणून तिच्या काही भागावर पांढरी कापडं अंथरलेली असतात. तिथे मला थांबावंसं वाटलं आणि मी थांबले. किती वेळ थांबायचं हे दुसऱ्या कोणी ठरवलेलं नव्हतं. परक्या मुलखात याहून मोठी मोकळीक कोणती असते, सांगा.

उत्साही : ते वळण मीही पाहिलं आहे, पिवळ्या पोस्ट बसमधून उतरून. उन्हाळ्यात त्या तिन्ही घाटांवरून बस जाते. फुर्काचा जुना लोहमार्गही मेलेला नाही. स्वयंसेवकांनी तो पुन्हा उभा केला आणि उन्हाळ्यात ते त्यावर वाफेच्या इंजिनाची गाडी चालवतात. घाटातल्या बस दिवसाला मोजक्याच असतात, हे मला मान्य आहे. एक सोडली की पुढचीची वाट पाहत बसावं लागतं. पण मला मोकळीक दिसते ती दुसऱ्याच जागी. तुम्ही ज्या वर्षाचा उल्लेख केलात त्याच १९८२ मध्ये त्या देशाने आपल्या मुख्य मार्गांवरच्या गाड्या तासाच्या ठरलेल्या मिनिटाला बांधल्या. एखादी गाडी आठ वाजून बत्तीस मिनिटांनी असेल, तर नऊ बत्तीसलाही असणार, दहा बत्तीसलाही असणार. मग १९८७ मध्ये लोकांनी मतदान करून 'बान २०००' या योजनेला होकार दिला. त्या योजनेचं मर्म असं होतं : मोठ्या स्थानकांत चारही दिशांच्या गाड्या तास भरायच्या जरा आधी पोचतील, थोडा वेळ शेजारी-शेजारी उभ्या राहतील, आणि तास भरल्यावर पुन्हा चारही दिशांना निघतील. त्यासाठी बर्न ते झ्युरिक हा प्रवास तासाच्या आत बसायला हवा होता आणि लागत होती ६९ मिनिटं. मग सुमारे ४५ किलोमीटरचा नवा मार्ग बांधला आणि २००४ च्या डिसेंबरपासून ती ५६ झाली. आणखी वेग वाढवून ४५ मिनिटांत नेण्यासाठी त्यांनी जिवाचा आटापिटा केला नाही, कारण लवकर पोचलेल्या माणसाला पुढच्या गाडीसाठी फलाटावरच थांबावं लागलं असतं. सारा पैसा आणि अक्कल लागली ती एका गाडीतून दुसरीत जाणाऱ्या माणसावर. याचा परिणाम परक्या प्रवाशाला पहिल्याच दिवशी कळतो. बहुतेक गाड्यांना आरक्षण लागत नाही, साधं तिकीट एखाद्या विशिष्ट गाडीला बांधलेलं नसतं. थुनच्या तळ्याकाठी बसून राहावंसं वाटलं तर मी बसतो. गाडी गेली तर गेली, तशीच दुसरी थोड्या वेळात येणार आहे. गाडी चुकण्याची भीती ज्या देशाने माझ्या मनातून काढली, त्याने मला बांधलं असं मी कसं म्हणू? तुम्ही घाटात थांबलात तेव्हा गाडी कुठे लावायची, अंधाराआधी खाली उतरायचं की नाही, पुढची धर्मशाळा किती दूर, हे सगळं तुमच्याच डोक्यात होतं ना?

साशंक : होतं, आणि ते मला जड वाटलं नाही. पण तुमच्या वर्णनात एक माणूस गृहीत धरलेला आहे. तो एकटा आहे किंवा फार तर जोडीने आहे, त्याच्या पाठीवर एक पिशवी आहे आणि त्याचे पाय ठणठणीत आहेत. गाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहतात म्हणालात. त्यांच्यात पाच-सात मिनिटांचं अंतर असतं, मध्ये जिना असतो किंवा उतार असतो, आणि चार नंबरच्या फलाटावरून अकरावर जायचं असतं. माझ्या सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या आहेत. त्या माणसांच्या लोंढ्यात चालू लागल्या की त्यांना आपण वाटेत येतोय असं वाटतं, मग त्या भरभर चालायला बघतात आणि घाबरतात. तुमच्या मनातून जी भीती गेली ती त्यांच्या मनात आली. त्या देशात अपंगांना समान वागणूक देणारा कायदा २००४ मध्ये लागू झाला. सार्वजनिक वाहतूक सर्वांना वापरता यावी यासाठी २०२३ च्या अखेरीपर्यंत, म्हणजे वीस वर्षांची मुदत दिली होती. मुदत संपली तरी कितीतरी स्थानकं आणि बसथांबे व्हायचे राहिले. ज्या देशाने बर्न-झ्युरिकमधली तेरा मिनिटं कमी करायला नवा मार्ग बांधला, त्याला वीस वर्षांत फलाटाची उंची जुळवता आली नाही. म्हणजे कोणासाठी आटापिटा करायचा हे त्यांनीही ठरवलेलंच आहे.

उत्साही : हा आक्षेप मला टाळता येणार नाही. नव्या डब्यांत पायरी न चढता शिरता येतं, मदतीला माणूस मागवता येतो. पण आधी कळवावं लागतं, आणि ज्याला दर वेळी आधी कळवावं लागतं त्याला मोकळा प्रवासी म्हणता येत नाही. तरीही मोटार हे त्याचं उत्तर आहे का, याबद्दल मला शंका आहे. सासूबाईंना घेऊन तुम्ही त्सेरमाटला गेलात, तर टेश गावात मोटार ठेवावीच लागते. पुढचे पाच किलोमीटर रेल्वेनेच. वेंगेन आणि म्युरेन या गावांतही मोटारीने जाता येत नाही. ज्या जागा पाहायला आपली माणसं इतक्या लांब जातात, त्यांतल्या अनेक जागांनी मोटारीला वेशीबाहेर ठेवलं आहे. वर तुमचा खर्च मोजा. गाडीचं भाडं, पेट्रोल, महामार्गाचा ४० फ्रँकचा वार्षिक परवाना (चार दिवसांसाठी वेगळा मिळत नाही), आणि गावोगावचं पार्किंग. आईवडिलांकडे ट्रॅव्हल पास असेल तर सोळा वर्षांखालच्या मुलांना रेल्वे फुकट नेते. चार माणसांच्या कुटुंबाचा हिशेब लोक समजतात तेवढा मोटारीच्या बाजूने झुकत नाही. आणि रस्त्याची उजवी बाजू? आयुष्यभर डावीकडून चालवलेल्या माणसाने थकलेल्या संध्याकाळी अनोळखी चौकात चटकन निर्णय घ्यायचा. खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम आपल्या हाडात नाही.

साशंक : तो हाडात भिनवता येतो, आणि तो भिनवताना मला त्या देशाची जी ओळख झाली ती डब्यात बसून झाली नसती. माणूस झेब्रा पट्ट्यांपाशी नुसता उभा राहिला तरी थांबायचं. भर दुपारीही दिवे लावून चालवायचं. वस्तीत ५०, वस्तीबाहेर ८०, महामार्गावर १२०, आणि त्यात दोन-चार किलोमीटरची चूकही दंडाच्या चिठ्ठीने घरी पोचते. डोंगरातल्या ज्या रस्त्यांवर पिवळ्या शिंगाची पाटी असते, तिथे पोस्ट बसच्या चालकाने खूण केली की मागे घ्यायचं, कारण तिथे त्याचं ऐकावं लागतं. हे सगळं पाळताना मी तात्पुरती का होईना, तिथल्या व्यवस्थेत सामील झाले होते. माझ्या वागण्यावर कोणाचा तरी जीव अवलंबून होता. तिकीट काढून बसलेल्या माणसाकडून तो देश काहीच मागत नाही. आणि तिथली माणसं स्वतः काय करतात? दर दोन माणसांमागे एकाहून जास्त मोटारी आहेत. देशातल्या एकूण प्रवासाचे सर्वाधिक किलोमीटर आजही मोटारीनेच कापले जातात. तुमच्या त्या रेल्वेवर सर्वांत गाढ श्रद्धा असते ती पाहुण्यांची.

उत्साही : त्यांच्याकडे मोटारी आहेत, हे खरं. पण त्यांनी मोटारीला किती जागा द्यायची, हे पुन्हा पुन्हा मत देऊन ठरवलं आहे, आणि मला त्यात खरं अप्रूप वाटतं. झ्युरिकच्या मतदारांनी १९६२ आणि १९७३ मध्ये भुयारी रेल्वेच्या योजना फेटाळल्या. ट्राम जमिनीखाली जाऊन रस्ता मोटारींना मोकळा होणार होता. तसं झालं नाही, ट्राम रस्त्यावरच राहिली आणि मोटारींनी तिच्याशी जुळवून घेतलं. १९९४ मध्ये आल्प्समधून आरपार जाणारे मालट्रक रुळांवर न्यावेत असा कौल लागला. २००१ पासून अवजड वाहनांकडून किलोमीटरप्रमाणे कर घेतला जातो आणि त्याच पैशातून रेल्वेचे लांबलचक बोगदे झाले. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये महामार्ग रुंद करण्याचा प्रस्ताव मतदानात पडला. दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. बारमाही शंभर माणसं राहत असतील अशा वस्तीला सार्वजनिक वाहतुकीने जोडण्यासाठी तिथे संघराज्य पैसे देतं. फक्त शंभर! 'गाव तेथे एसटी' हे वाक्य आपण ज्या अभिमानाने म्हणायचो, त्याच अर्थाचा हा नियम आहे. प्रादेशिक गाड्यांचा ढोबळमानाने निम्मा खर्च तिकिटातून निघत नाही, तो संघराज्य आणि कँटन, म्हणजे तिथले प्रांत, भरतात. मी दरीच्या टोकाच्या गावात बसने पोचतो तेव्हा तिथल्या करदात्याने माझ्या आसनाचे अर्धे पैसे आधीच दिलेले असतात. इतक्या माणसांनी मिळून केलेल्या करारात मला पाहुणा म्हणून बसू दिलं, याचं मोल मला फार वाटतं.

साशंक : एसटीचं नाव काढलंत, तर तिथेच थांबू या, कारण माझ्या अविश्वासाचं मूळ तिथे आहे. १९४८ मध्ये पुण्याहून नगरला पहिली गाडी गेली, तेव्हापासून किती पिढ्यांनी त्या लाल गाडीच्या भरवशावर शाळा, बाजार आणि दवाखाना गाठला. आमच्या गावचा मुक्कामी फेरा बंद झाला, तेव्हा कोणी गावाला विचारलं नव्हतं. २०२१-२२ चा संप महिनोन्महिने चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या रास्त होत्या की नव्हत्या, हा वाद वेगळा. पण दहावीची मुलगी रोज रस्त्यावर हात दाखवून अनोळखी ट्रकमध्ये बसत होती, हे मी पाहिलं आहे. ज्या माणसाने आयुष्यात एकदा असं पाहिलं, तो संधी मिळताच स्वतःची गाडी घेतो, आणि परदेशात गेला तरी त्याचा हात किल्लीकडे जातो. हा हौसेचा प्रश्न नाही. दुसऱ्याने दिलेला शब्द मोडला गेल्याची ती आठवण आहे. आणि शब्द तिथेही मोडतो. पोस्ट बस कंपनीने हिशेब फिरवून जास्तीचं अनुदान उचललं, हे २०१८ मध्ये त्यांच्याच वाहतूक खात्याने उघड केलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये गॉटहार्डच्या ५७ किलोमीटरच्या बोगद्यात मालगाडी रुळांवरून घसरली आणि तो पूर्ववत व्हायला पुढच्या वर्षीचा सप्टेंबर उजाडला. तोपर्यंत तुमच्या वेळापत्रकात एका तासाची भर पडली होती.

उत्साही : पण त्या काळात मिलानकडे जाणारा माणूस पोचत होताच. १८८२ चा डोंगरावरचा जुना मार्ग त्यांनी नवा बोगदा झाल्यावर उखडून टाकला नव्हता, म्हणून तो कामी आला. आणि २०२३ च्याच सप्टेंबरमध्ये गॉटहार्डच्या रस्त्याच्या बोगद्यालाही छताला भेग गेल्यामुळे काही दिवस बंद ठेवावं लागलं होतं. मोटारवाले त्या दिवसांत कशावर अवलंबून होते? त्याच सार्वजनिक खात्यावर, त्याच अभियंत्यांवर. किल्ली तुमच्या हातात असते, बोगदा कधीच नसतो. अनुदानाच्या प्रकाराबद्दल म्हणाल, तर तो पकडला गेला आणि पैसे परत करावे लागले. सार्वजनिक गोष्टीचा हिशेब निदान मागता येतो. मला तर त्या व्यवस्थेचं कठोरपण भावतं. जर्मनीहून येणारी गाडी फार उशिरा आली, तर ते तिला बाझलच्या पुढे येऊ देत नाहीत. प्रवाशांना तिथे उतरवून वेळेवर निघणाऱ्या स्विस गाडीत बसवतात. एका गाडीचा उशीर देशभर पसरू नये म्हणून.

साशंक : तुम्ही आता जे सांगितलंत, त्यातच मला माझा मुद्दा सापडला. तुम्ही सोय म्हणून सांगता ती गोष्ट मी उतरवलेल्या माणसाच्या बाजूने पाहते. हॅम्बुर्गहून निघालेल्या आजी, खिडकीजवळची राखलेली जागा, वर ठेवलेलं सामान. बाझलला त्यांना सांगितलं जातं, उतरा, तुमची गाडी इथवरच. लाखो लोकांचा वेळ वाचावा म्हणून एकाला उतरवलं, आणि बेरीज पाहिली तर ते बरोबरही आहे. माझ्या सासूबाई ही ती उशिरा आलेली जर्मन गाडी आहे. व्यवस्था जितकी काटेकोर, तितकी तिला हळू चालणारं माणूस मोठी अडचण वाटतं. तिथल्या स्थानकांवरचं घड्याळ आठवा, हिल्फिकर यांनी १९४४ मध्ये घडवलेलं. त्याचा लाल सेकंदकाटा फेरी जरा लवकर पुरी करतो, बारावर क्षणभर थांबतो आणि मिनिट पुरं झाल्याचा इशारा मिळाला की पुढे निघतो. सगळ्या देशातली घड्याळं जुळावीत म्हणून तो काटा थांबतो. माणसासाठी किती थांबायचं, हे मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. मोटारीत मी थांबते. त्यांना दर तासाला पाय मोकळे करायचे असतील तर दर तासाला थांबते. तेवढ्यासाठी मी ते भाडं देते.

उत्साही : प्रश्न आता नीट मांडला गेला, आणि मला त्याचं उत्तर अर्धंच देता येईल. तुम्ही थांबता तेव्हा सासूबाईंचा उशीर तुम्ही उचलता, हे खरं. पण मोटार दुसऱ्या कोणाच्या तरी माथी काहीतरी मारतेच. ईस्टरच्या सुट्टीत गॉटहार्डच्या तोंडाशी मैलोगणती रांग लागते, आणि ती टाळू पाहणारी वाहनं उरी कँटनच्या खेड्यांतल्या रस्त्यांवर शिरतात. तिथल्या लोकांना आपल्याच गावात रस्ता ओलांडता येत नाही. लाउटरब्रुनेनमध्ये २०२४ साली असा विचार पुढे आला, की दिवसाच्या सहलीला मोटारीने येणाऱ्यांकडून प्रवेशाचे पैसे घ्यावेत, आणि बसने किंवा रेल्वेने येणाऱ्यांना सोडावं. ज्या दरीचं सौंदर्य पाहायला आपण जातो, तिच्यातल्या रहिवाशांनी आपल्याकडे पाहून हा विचार केला. मग उशीर कोणी सोसायचा, एवढाच प्रश्न उरत नाही. पाहुण्याने आपली अडचण यजमानाच्या अंगणात किती उतरवायची, हाही प्रश्न येतो.

साशंक : लाउटरब्रुनेनला रेल्वेने उतरणारी गर्दीही काही कमी नसते. फलाटावरून थेट धबधब्याखाली, फोटो, आणि परत. ते लोक रस्ता अडवत नाहीत, पण अंगण तुडवतातच. आणि आपल्याकडची बहुसंख्य माणसं यांपैकी काहीच करत नाहीत, ती पन्नास जणांच्या बसमधून जातात. बरोबर आचारी, संध्याकाळी वरणभात, हातात झेंडा घेतलेला मार्गदर्शक. तुमच्यासारखे जाणते प्रवासी त्यांच्याकडे जरा वरून पाहतात. मला ते आवडत नाही. सत्तरीत पहिल्यांदा पासपोर्ट काढलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या माणसाला आल्प्स पाहायचे असतील, तर ती बस हीच त्याची वाट आहे. तिथे कोणी मागे राहिलं की मोजणी होते आणि सगळे थांबतात. तुमच्या वेळापत्रकाला जे जमत नाही आणि माझ्या मोटारीत जे चौघांपुरतंच जमतं, ते तिथे पन्नास जणांसाठी होतं.

उत्साही : वरून पाहण्याचा दोष मला मान्य आहे; रेल्वेचं कौतुक करताना तो सूर नकळत येतो. पण त्या बसचं स्वातंत्र्यही नीट पाहा. साडेचार तास चालवल्यावर चालकाने पाऊण तास विश्रांती घ्यायची, दिवसभरात ठरलेल्या तासांपलीकडे चाक धरायचं नाही, हे कायद्याने आहे आणि त्याची नोंद यंत्रात होते. 'इथे फक्त वीस मिनिटं' असं मार्गदर्शक सांगतो, तेव्हा बऱ्याचदा त्यामागे हे तास असतात. पन्नास जण एका आजींसाठी थांबतात, त्याची किंमत पुढच्या ठिकाणी कापलेल्या वेळाने चुकवतात. ते प्रेमाने चुकवतात, यात शंका नाही. माझं म्हणणं इतकंच, की थांबण्याचा खर्च कुठेच नाहीसा होत नाही. रेल्वेत तो एका माणसाच्या अंगावर पडतो, मोटारीत वाटेवरच्या गावांच्या, बसमध्ये सहप्रवाशांच्या. मला रेल्वेचा हिशेब त्यातल्या त्यात उघड वाटतो, कारण तो आधी छापलेला असतो.

साशंक : छापलेला आहे म्हणून न्याय्य आहे, असं होत नाही. पण एका ठिकाणी आपलं जुळतंय, ते सांगते. त्या देशाने आपल्यासारखे दोन तट पाडलेले नाहीत. लोएचबेर्गला कांडरश्टेगहून गोपेनश्टाइनपर्यंत मोटारच रेल्वेच्या वाघिणीवर चढवतात; आपण मोटारीत बसून राहायचं आणि पाव तासात डोंगराच्या पलीकडे. फुर्काखालीही तसंच. कोलाड ते वेर्ण्यापर्यंत १९९९ पासून कोकण रेल्वे मालट्रक नेते, तीच युक्ती. वाघिणीवर चढलेल्या मोटारीत बसले असताना मला प्रथम वाटलं, की मोटार आणि रेल्वे यांतलं एक निवडण्याची सक्ती आपणच करून घेतली आहे. विश्वासाचंही तसंच. तुमच्या स्थानकांना फाटक नाही, कोणीही फलाटावर जातो, तिकीट तपासनीस डब्यात कधीतरी येतो. माझ्या घाटरस्त्यावर शेतकऱ्याने घराबाहेर कपाटात चीज आणि अंडी ठेवलेली असतात, शेजारी पैशांची पेटी. माणूस कोणी नाही. दोन्हीकडे पाहुण्याला आधी प्रामाणिक धरलं आहे.

उत्साही : म्हणूनच मला वाटतं, पुढच्या वेळी तुम्ही सासूबाईंना घेऊन म्युस्टेर खोऱ्यात जावं. पार पूर्वेच्या टोकाला, इटलीच्या सीमेवर. तिथल्या मठात बाराशे वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं आहेत. १९८३ पासून तो जागतिक वारसा आहे. क्लोस्टर्सपाशी व्हेराइना बोगदा लागतो, १९९९ मध्ये सुरू झालेला. त्याच बोगद्यातून प्रवासी गाड्या जातात आणि मोटारी लादलेल्या वाघिणीही. पलीकडे झेर्नेझला उतरलात की पिवळी बस ओफेन घाट चढून राष्ट्रीय उद्यानातून थेट मठापाशी नेते. एकदाच गाडी बदलायची, आणि स्थानक लहान.

साशंक : झेर्नेझला बस गाडीची वाट पाहत उभी असते?

उत्साही : गाडीशी जुळलेली असते. चालकाला दिसलं की कोणी हळू येतंय, तर तो थांबतो, हे मी पाहिलं आहे.

साशंक : किती? सासूबाईंना डब्यातून उतरायला, सामान घ्यायला, बसच्या पायरीपाशी यायला माझ्या हिशेबाने आठ मिनिटं तरी लागतील. घाटापलीकडे एखाद्या थांब्यावर शाळा सुटलेली मुलं त्याच बसची वाट पाहत असतील, आणि ती बस तिथल्या शंभर माणसांच्या वस्तीसाठी आहे, हे तुम्हीच मला शिकवलंत.

उत्साही : तिथल्या चालकाने तुमच्यासाठी आठ मिनिटं थांबावं असं मला वाटतं. पण मी त्या मुलांपैकी एकाचा बाप असतो, तर मला काय वाटलं असतं ते सांगता येत नाही.

साशंक : मग मी झेर्नेझपर्यंत रेल्वेने येईन. पुढचं ठरवण्याआधी मला त्या बसच्या चालकाशी बोलायचं आहे, आणि जमलं तर त्या मुलांशीही.